नवीन एनए लेआउट: भराव, लेव्हल आणि पावसाळी पाण्याचा निचरा

माळरान
नमस्कार मंडळी. पुण्याच्या पूर्वेला ५ एकरांचा, म्हणजे सुमारे २ हेक्टरांचा एनए (बिगरशेती) प्लॉटिंगचा लेआउट आहे. जमीन उत्तरेकडून दक्षिणेकडे साधारण १:४० उताराची, लांबी २०० मीटर, म्हणजे वरच्या आणि खालच्या हद्दीत ५ मीटरचा फरक. वरच्या अंगाला सुमारे ६ हेक्टर माळ आणि शेती आहे, तिकडचं पाणी याच जमिनीवरून खाली येतं. खालच्या हद्दीजवळ ओढा आहे. वर दीड-दोन फूट काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. रस्ते ९ मीटरचे. आर्किटेक्टने प्लॉट पाडलेला नकाशा दिलाय, त्यात पावसाळी गटारं फक्त रस्त्याकडेच्या निळ्या रेघांनी दाखवलीत. पाइपचा व्यास, उतार, लेव्हल काहीच नाही. काम सुरू होण्याआधी काय काय ठरवून घ्यायचं, आणि कोणत्या क्रमाने? रकमेचा प्रश्न नाही, तांत्रिक बाजू हवी आहे.

लेव्हलबुक
पहिली गोष्ट, प्लॉट पाडलेला नकाशा बाजूला ठेवा आणि लेव्हलचा नकाशा मागा. टोटल स्टेशन किंवा ऑटो लेव्हल या मोजणीच्या यंत्राने १० मीटरच्या ग्रिडवर लेव्हल (उंची) घ्या आणि अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या) काढून घ्या. नुसता ग्रिड पुरत नाही. बांधाचा माथा आणि पायथा, ओघळीचा तळ, जुनी विहीर, पाट, शेजाऱ्याच्या जमिनीत हद्दीपासून २०-२५ मीटरपर्यंतच्या लेव्हल, ओढ्याचा तळ आणि दोन्ही काठ, पुलाखालच्या किंवा मोरीच्या तळाची लेव्हल, हे सगळं स्वतंत्र घ्यायचं. बेंचमार्क, म्हणजे ज्यावरून बाकी लेव्हल मोजायच्या त्या पक्क्या खुणा, दोन ठेवा आणि ते काँक्रीटमध्ये पक्के करा. एकच बेंचमार्क जेसीबीखाली गेला की पुढचं सगळं काम अंदाजाने चालतं.

मग त्या नकाशावर प्लॉट न बघता फक्त पाणी कुठून कुठे जातंय ते रंगवा. रस्ते त्या वाटांवर यायला हवेत, प्लॉट नकोत. हे उलट झालं की ओघळ कुणाच्या तरी प्लॉटमध्ये येते, ती मुरूम टाकून बुजवली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी त्याच भरावाखालून वाट काढतं. वरून कोरडं दिसतं आणि आतून माती वाहून जाते. दोन-तीन वर्षांत कंपाउंडची भिंत खचते, पोर्चची फरशी बसते.

सातबारा
लेव्हलबुक यांच्या मुद्द्याला जोडून कागदाची बाजू. गाव नकाशा आणि गट नकाशा दोन्ही काढा, सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीटही (भूरूप नकाशा) बघा. आज शेतात न दिसणारी ओघळ त्यावर निळ्या रेघेत सापडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले यांचे पात्र शासनाच्या मालकीचे असते. त्यामुळे "नाला आमच्या गटातून जातो म्हणजे आमचाच" हे चालत नाही. तो वळवायचा, बंदिस्त करायचा किंवा अरुंद करायचा तर आधी लेखी परवानगी लागते.

ओढा मोठा असेल तर जलसंपदा विभागाने आखलेली पूररेषा आहे का ते तपासा. निळी रेषा म्हणजे सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. छोट्या ओढ्यांची आखणी बहुतेक वेळा झालेलीच नसते. म्हणून ओढा सुरक्षित ठरत नाही. तिथे स्वतः पाणलोट मोजून पुराची पातळी काढावी लागते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. तोही एरवी पायाला पाणी न लागणारा ओढाच होता.

माळरान
धन्यवाद दोघांनाही. वरचं ६ हेक्टरांचं पाणी अडवून त्या जमीनमालकाला "तुमचं तुम्ही बघा" म्हणता येतं का? भागीदारांचा तसा आग्रह आहे.

सातबारा
नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम ७ मधलं उदाहरण अगदी याच प्रसंगाचं आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं आणि ठरावीक पात्रातून न वाहणारं पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीत उतरू देणं खालच्या मालकाला भाग आहे. वरची जमीन शेती असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा होतो आणि अडथळा काढायचा आदेश निघू शकतो. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो, म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात नोटीस येऊ शकते.

दुसरी बाजूही तितकीच लक्षात ठेवा. तुमच्या खालच्या शेजाऱ्याने नैसर्गिकपणे पसरून येणारं पाणी घ्यायचं आहे. तुम्ही ५ एकरांचं पाणी एका पाइपात गोळा करून त्याच्या बांधावर सोडलंत तर त्याला "नैसर्गिक" म्हणता येणार नाही. म्हणून शेवटचा पाइप ओढ्यापर्यंत गेलाच पाहिजे, आणि मधे दुसऱ्याची जमीन असेल तर नोंदणीकृत हक्क घेऊन.

उताराचं_गणित
आता आकडे. पद्धत सोपी आहे: प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) = अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) × पावसाची तीव्रता (मिमी प्रति तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०. एवढ्या छोट्या क्षेत्राला हीच रॅशनल पद्धत योग्य. केंद्रीय गृहनिर्माण व नगरव्यवहार मंत्रालयाच्या २०१९ च्या स्टॉर्म वॉटर ड्रेनेज मॅन्युअलमध्ये आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) एसपी ५० मध्येही तीच आहे.

तीव्रता: जवळच्या स्वयंनोंद पर्जन्यमापकाची १५-१५ मिनिटांची आकडेवारी मिळाली तर उत्तम. नाहीतर २४ तासांच्या पावसावरून घनमूळ नियमाने काढतात: थोड्या वेळाचा पाऊस = २४ तासांचा पाऊस × (वेळ ÷ २४ तास) चं घनमूळ. समजा ५ वर्षांतून एकदा येणारा दिवसाचा पाऊस १०० मिमी धरला (हा आकडा उदाहरणासाठी, तुमच्या केंद्राचा घालायचा). मग १५ मिनिटांत २१.८ मिमी, म्हणजे ८७ मिमी प्रति तास. २० मिनिटांसाठी ७२, २५ मिनिटांसाठी ६२. लांबच्या टोकाचं पाणी तोंडाशी पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळाची तीव्रता धरायची: आजच्या जमिनीला २० मिनिटं, बांधकामानंतर १५, वरच्या ६ हेक्टरांना २५.

गुणांक: रस्ते ०.४५ हेक्टर, गुणांक ०.९. प्लॉट १.३५ हेक्टर, त्यातलं ६० टक्के छप्पर आणि फरसबंदी (०.९), उरलेली माती (०.३५). मोकळी जागा ०.२० हेक्टर (०.२५). सरासरी ०.६९ येते. आजच्या माळाला ०.३५ धरा.

आजचा प्रवाह: ०.३५ × ७२ × २ ÷ ३६० = ०.१४, म्हणजे सेकंदाला १४० लिटर.
पूर्ण बांधकाम झाल्यावर: ०.६९ × ८७ × २ ÷ ३६० = ०.३३३, म्हणजे ३३३ लिटर.

जवळपास २.४ पट. दोन कारणं आहेत आणि लोक एकच धरतात. माती झाकली गेल्याने पाणी जास्त वाहतं हे झालंच, पण ते लवकरही पोचतं. त्यामुळे वीस मिनिटांच्या ऐवजी पंधरा मिनिटांची जास्त तीव्रता लागू होते.

वरचे ६ हेक्टर: ०.४ × ६२ × ६ ÷ ३६० = ०.४१३, म्हणजे ४१३ लिटर. बाहेरून येणारं पाणी तुमच्या स्वतःच्या पाण्यापेक्षा जास्त आहे. हे लेआउटच्या गटारात घ्यायचंच नाही.

पाणलोट
गणित बरोबर. फक्त एक सावधगिरी, कारण धागा वाचून कुणीतरी किरपिचचं सूत्र लावेलच. २०० मीटर आणि १:४० ला किरपिचने एकत्रीकरण काळ (लांबच्या टोकाचं पाणी तोंडाशी पोचायचा वेळ) जेमतेम ५ मिनिटं येतो. ते सूत्र १९४० चं, टेनेसीमधल्या शेतीच्या छोट्या पाणलोटांवरून काढलेलं. प्लॉटिंगच्या लेआउटमध्ये छतावरून अंगणात, अंगणातून रस्त्याकडेला, तिथून जाळीत हा प्रवासच १०-१२ मिनिटांचा असतो. पाइपातून २००-२५० मीटर जायला दोन-तीन मिनिटं. म्हणून १५ ठीक आहे. ५ मिनिटं धरली तर तीव्रता दुप्पट होते आणि गरज नसताना ९०० मिमीचे पाइप टाकावे लागतात. उलट वीस मिनिटं "सरसकट" धरली तर पाइप अपुरा पडतो.

वरच्या पाण्यासाठी उत्तर हद्दीवर चर घ्या. तळ ०.६ मीटर, बाजू १:१, उतार १:२००, मातीचा चर म्हणून मॅनिंगचा (खडबडीतपणाचा) गुणांक ०.०२५. पाण्याची खोली ०.४ मीटर असताना तो सेकंदाला ४२६ लिटर नेतो, म्हणजे वरचे ४१३ बसतात. वर ३० सेंटिमीटर मोकळी खोली ठेवून एकूण ०.७ मीटर खोद. वेग १.०७ मीटर प्रति सेकंद येतो. मुरमात हा वेग चालतो, काळ्या मातीत चालत नाही, काठ कापत जातो. तुमच्याकडे वरचा दीड-दोन फूट काळाच आहे, तेव्हा चराचा तळ मुरमात नेऊन वरच्या बाजूंना २३० मिमी दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करा. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला, कडेपासून किमान अर्धा मीटर सोडून, बांध म्हणून टाका. वरच्या अंगाला टाकली तर पाणी चरात शिरतच नाही. ही चूक फार दिसते.

चर जिथे वळून ओढ्याकडे उतरतो तिथे उतार १:४० होतो आणि वेग वाढतो. तिथे पायऱ्या-पायऱ्यांचा दगडी धबधबा करा, आणि ओढ्यात पडतो तिथे ३ ते ५ मीटर लांब दगडी एप्रन (तळाची दगडी फरशी). नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात तोंडाशी खड्डा पडतो आणि तो उलटा वर सरकत येतो.

एक_वाचक
तुम्हा लोकांचं लिखाण बघून छान वाटतंय. पण पाइप कुठला टाकायचा ते कुणी सांगितलं नाही. ४५० मिमीचा पुरेल ना?

उताराचं_गणित
कुठे टाकताय त्यावर आहे, आणि इथेच बहुतेक लेआउट चुकतात.

उतारावरून उत्तर-दक्षिण जाणारी मुख्य लाईन १:४० ला टाकली तर ४५० मिमीचा काँक्रीट पाइप (गुणांक ०.०१३) भरून ४५० लिटर नेतो, वेग २.८ मीटर. ३३३ लिटर आरामात. हीच लाईन तळाच्या रस्त्याला वळली आणि तिथे उतार १:१०० मिळाला की तोच ४५० चा पाइप २८५ लिटरच नेतो. वरून ३३३ येतात, पुढे २८५ जातात. उरलेलं पाणी वळणावरच्या चेंबरचं झाकण उचलून बाहेर येतं, आणि ते चेंबर नेमकं सगळ्यात खालच्या प्लॉटच्या फाटकासमोर असतं. तळाच्या रस्त्याला ६०० लागतो. १:२०० उतारालाही तो ४३४ लिटर नेतो.

"सगळीकडे ६०० टाका" हेही उत्तर नाही. ६०० चा पाइप १:४० ला टाकला तर भरून वाहताना वेग ३.४ मीटरवर जातो. ३ मीटरच्या वर काँक्रीट झिजतं, सांधे उघडतात. मोठा पाइप लागत असेल तर उतार कमी ठेवून मधे ड्रॉप चेंबर (पाणी आतल्या आत खाली उतरवणारे) घ्यायचे. किमान वेगही बघा. ०.६ च्या खाली गाळ बसतो, आपल्याकडच्या मुरमाड पाण्याला ०.८ धरलेला बरा.

पाइप रस्त्याखाली एनपी-३ (मध्यम भाराच्या) वर्गाचे, आयएस ४५८ या काँक्रीट पाइपच्या भारतीय मानकाप्रमाणे. जड ट्रक सतत जाणार असतील तिथे एनपी-४. पाइपच्या माथ्यावर किमान १ मीटर भराव, तो मिळत नसेल तर पाइप काँक्रीटमध्ये लपेटून घ्या. हलका एनपी-२ स्वस्त पडतो म्हणून आणतात आणि रोलर फिरला की माथ्यावर उभी चीर जाते. ती वरून दिसत नाही, पहिल्या पावसात रस्ता बसल्यावर कळते.

मुरूम_माती
भरावाबद्दल माझे चार शब्द. काळी माती रस्त्याखालून आणि पाइपच्या चरातून पूर्ण काढा. ती फुगते, आकसते आणि पाइपचे सांधे ओढते. रस्त्यासाठी मुरूम २०० ते २५० मिमीच्या सैल थरात, योग्य ओलाव्यावर, ८ ते १० टनी व्हायब्रेटरी रोलरने, आणि प्रत्येक थराला घनतेची चाचणी. प्रॉक्टर चाचणीत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांखाली थर स्वीकारू नका, रस्त्याच्या वरच्या अर्ध्या मीटरला ९७ मागा. एक मीटर मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचा फूटभरच दबतो. खालचा पुढची दोन पावसं बसत राहतो आणि त्याच्यासोबत गटाराचा उतारही बिघडतो. १:२०० म्हणजे ३० मीटरला फक्त १५ सेंटिमीटर. भराव तेवढा बसला की गटार उलटं होतं.

काढलेली काळी माती फेकू नका, मोकळ्या जागेत आणि झाडांच्या पट्ट्यात वापरा. पण प्लॉट "भरून देतो" म्हणून तीच माती प्लॉटमध्ये पसरून वरून मुरमाची साय लावतात, ते करू नका. घर बांधणाऱ्याला पाया खणताना कळतं.

जुनी ओघळ प्लॉटखाली येणारच असेल तर नुसता मुरूम टाकून बुजवू नका. तळात ०.६ × ०.६ मीटरचा दगडी झिरपा द्या, १०० ते १५० मिमी गोटे, भोवती जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), आणि त्याचं तोंड खालच्या चेंबरात काढा. जमिनीखालचं पाणी ओघळीचं ऐकतं, नकाशाचं ऐकत नाही.

लेव्हलबुक
रस्त्याची लेव्हल आधी, प्लॉटची नंतर, घराच्या जोत्याची (तळमजल्याच्या चौथऱ्याची) सगळ्यात शेवटी. हा क्रम कागदावर लिहून प्रत्येक प्लॉटच्या विक्री नकाशात द्या. साधारण असं ठेवा: रस्त्याची कड प्लॉटपेक्षा १५० ते ३०० मिमी खाली, प्लॉटचा रस्त्याकडे उतार किमान १:१००, जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा ४५० मिमी वर, आणि घराभोवतीच्या पहिल्या २-३ मीटरांत १:५० चा उतार बाहेरच्या बाजूला. डांबरी रस्त्याचा आडवा उतार २ ते २.५ टक्के.

उतारावरच्या लेआउटमध्ये अडचण असते ती रस्त्याच्या खालच्या बाजूच्या प्लॉटांची. त्यांची जमीन रस्त्याच्या खाली जाते, म्हणजे "रस्त्याकडे उतार" शक्यच नसतो. इथे रस्ता मधे उंच करू नका. पूर्व-पश्चिम रस्त्याला एकाच बाजूचा आडवा उतार द्या, चढाच्या अंगाला, आणि गटार त्याच वरच्या अंगाला घ्या. रस्त्याचं पाणी खालच्या प्लॉटांत उतरतच नाही. त्या प्लॉटांच्या मागच्या हद्दीवर दीड मीटरची सामायिक पट्टी सोडून त्यात उथळ गटार काढा आणि ते तळाच्या चेंबरला जोडा. ही पट्टी विक्रीखतात हक्क म्हणून नोंदवा, नाहीतर पहिला माणूस तिच्यावर पाण्याची टाकी बांधतो.

पाणलोट
वरच्या प्लॉटांना सपाट टप्पे करताना रिटेनिंग भिंती येतात. भिंतीत १.५ मीटर अंतरावर ७५ ते १०० मिमीचे पाइप बाहेरच्या उताराला, मागे ३०० मिमी खडीचा फिल्टर आणि जिओटेक्स्टाइल. भिंत मातीच्या जोराला धरून काढतात, मागे साचलेल्या पाण्याच्या जोराला नाही. पाइप आहेत पण मागे फिल्टर नाही असं असेल तर माती वाहून पाइप चोंदतात आणि भिंत धरण होते. साध्या कंपाउंडच्या भिंतीलाही, ती उताराला आडवी असेल तर, तळाशी जाळीची तोंडं हवीतच.

माळरान
फार उपयोगी. दोन शंका. एक, आजचे १४० आणि नंतरचे ३३३ लिटर, हा फरक ओढ्यात तसाच सोडायचा का? दोन, रस्त्याचं पाणी गटारात घेणाऱ्या जाळ्या किती अंतरावर?

उताराचं_गणित
तसाच सोडू नका. वरचे पाच लेआउट असेच वागले की खालच्या पुलाची मोरी अपुरी पडते. मोकळ्या जागेत उथळ साठा करा. ढोबळ हिशेब: (०.३३३ − ०.१४) × ९०० सेकंद = १७४ घनमीटर. पाऊस पंधरा मिनिटांहून जास्त चालला तर साठा थोडा अधिक लागतो, म्हणून २१० धरा. ७०० चौरस मीटर जागा ३० सेंटिमीटर खोल केली की झालं. खोल हौद नको. मोकळी जागा मुलांना खेळायला राहिली पाहिजे, आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत ती रिकामी व्हायला हवी. तळाला १:१०० उतार, कडांना १:४ चा सौम्य उतार, हिरवळ. बाहेर जाणाऱ्या चेंबरात ३०० मिमीचं गोल तोंड ठेवा. त्यावर ४० सेंटिमीटर पाणी असताना १२० लिटर बाहेर पडतं, म्हणजे आजच्या १४० च्या आतच. साठ्याच्या काठाला २ मीटर रुंद सांडवा (जास्तीचं पाणी जायची वाट) हवाच. तोंड प्लास्टिकने बुजलं तरी पाणी कुठून जाईल ते आपण ठरवलेलं असावं.

यूडीसीपीआरप्रमाणे (राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे) ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, तुमची २००० चौरस मीटर. ती बहुतेक वेळा वरच्या कोपऱ्यात, प्लॉट न होणाऱ्या तुकड्यात ढकलतात. तळाच्या अंगाला घ्या.

मुरूम_माती
जाळ्यांचं: ३० मीटरला एक. ३० मीटर रस्त्याची अर्धी रुंदी आणि २० मीटर खोल प्लॉट धरला तर एका जाळीवर सेकंदाला साधारण १३ लिटर येतात. जाळी ६०० × ४५० मिमी, आणि तिचं निम्मं तोंड पानांनी, पिशव्यांनी बंद आहे असं धरूनच चालायचं. १:४० च्या रस्त्यावर पाणी जाळीवरून उडी मारून पुढे जातं, म्हणून तिथे जाळीच्या सळ्या प्रवाहाच्या दिशेने ठेवा, जाळी भोवतीपेक्षा २५ ते ५० मिमी खाली बसवा आणि सोबत कर्बमध्येही तोंड द्या. प्रवाहाला आडव्या सळ्या सायकलसाठी बऱ्या असतात हे खरं, तेव्हा सळ्यांमधलं अंतर कमी ठेवा. रस्त्याच्या सगळ्यात खोल बिंदूवर एक जाळी कधीच पुरत नाही. एक तळात आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक, अशा तीन द्या.

चेंबर ३० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर. चेंबरचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळापेक्षा ३०० मिमी खाली, गाळासाठी. लहान पाइप मोठ्यात शिरताना दोघांचे माथे जुळवा, तळ नको. तळ जुळवले तर मोठा पाइप भरला की लहान्यात पाणी उलटं चढतं.

कोकणकडा
धाग्याचा विषय देशावरचा आहे, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्यांसाठी एक नोंद. जांभ्यावर इथले १०० मिमी चालणार नाहीत. वर्षाला तीन हजार मिमीच्या पुढे पाऊस, आणि एका दिवसात २०० मिमी ही मोठी बातमी नसते. जांभा वरून पाणी पितो आणि खाली चिकण थरावरून ते आडवं बाहेर काढतो. म्हणून कापलेल्या कड्याच्या पायथ्याशी गटार हवंच, नाहीतर रस्ता ऑक्टोबरपर्यंत खालून ओला राहतो. इथे पाइपपेक्षा जांभ्या दगडाचं उघडं गटार बरं. साफ करता येतं आणि बुजलं तर दिसतं.

एक_वाचक
उघडं गटार ठेवलं की प्रत्येक जण गाडीच्या रॅम्पसाठी त्यात सहा इंची पाइप टाकून वर काँक्रीट ओततो. त्याचं काय करायचं?

लेव्हलबुक
हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. प्लॉटधारकावर सोडू नका. लेआउट करतानाच प्रत्येक प्लॉटसमोर ३.५ मीटर रुंदीचा आरसीसी स्लॅब गटारावर पूर्ण रुंदीत टाकून द्या, मधे उचलता येईल असं ६०० मिमीचं लोखंडी झाकण. रॅम्पचा चढ फाटकाच्या आत, प्लॉटमध्ये. दीडशे मिमीचा पाइप भरून वाहिला तरी दहा-पंधरा लिटर नेतो, गटारात त्या जागी शंभर येत असतात. एका रॅम्पमुळे वरचे सहा प्लॉट तुंबतात आणि भांडण मात्र शेजाऱ्या-शेजाऱ्यांत लागतं.

याच यादीत आणखी एक: मैलापाण्याची लाईन आणि पावसाळी लाईन पूर्ण वेगळ्या. छताचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरात सोडू देऊ नका. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा यांना पावसाळ्यात हे पाणी मिळालं की संडास उलटतात.

माळरान
छताचं पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात जिरवलं तर गटार लहान चालेल का? ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला तर जलपुनर्भरण सक्तीचं आहेच.

पाणलोट
पुनर्भरण जरूर करा, पण गटाराचा व्यास त्यामुळे कमी करू नका. मोठा पाऊस साधारणपणे जमीन आधीच तुडुंब असताना येतो, त्या वेळी खड्डा भरलेला असतो. काळ्या मातीत तर तो जिरतच नाही. खड्डा मुरमात न्या आणि आधी चाचणी घ्या. ३० × ३० सेंटिमीटरचा खड्डा पाण्याने रात्रभर भिजवून ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं ते मोजा. तासाला २५ मिमीपेक्षा कमी उतरत असेल तर तिथे खड्डा करून उपयोग नाही, जागा बदला. बोअरवेलमध्ये फक्त छताचं, फिल्टरमधून गेलेलं आणि पहिल्या पावसाचं सोडून दिल्यानंतरचं पाणी. रस्त्याचं तेलकट पाणी बोअरमध्ये कधीही नाही. ते खालच्या पाण्यातून परत काढता येत नाही.

सातबारा
ओढ्यात पाइप सोडण्याच्या जागेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पाइपचा तळ ओढ्याच्या तळाशी जुळवतात, ते चुकीचं आहे ना?

उताराचं_गणित
अगदी बरोबर पकडलंत. पाइपचा तळ ओढ्याच्या पुराच्या पातळीच्या वर हवा. ओढा भरलेला असताना पाइपचं तोंड बुडालं की मागचा सगळा उतार वाया जातो, लाईन फुगते आणि तळाच्या जाळ्यांतून पाणी वर येतं. बाकी सगळं बरोबर करूनही तळाचे प्लॉट बुडतात ते यामुळेच. म्हणून आकडेमोड ओढ्याच्या पुराच्या पातळीपासून सुरू करून वर यायची, वरून खाली नाही. पातळी मिळतच नसेल तर तोंडाला झडप बसवा, पण झडपेत काटकी अडकते हे धरून तिथे उतरायला शिडीचं चेंबर ठेवा. आणि तळाच्या दोन-तीन प्लॉटांची जमीन पुराच्या पातळीपेक्षा किमान ६०० मिमी वर उचला. ते जमत नसेल तर ते प्लॉट पाडूच नका, मोकळी जागा तिथे आणा.

माळरान
हे आर्किटेक्टला आजच पाठवतो. तळाचे दोन प्लॉट आणि वरच्या कोपऱ्यातली मोकळी जागा यांची अदलाबदल करायला सांगतो. काम तपासून घेताना काय बघू?

लेव्हलबुक
सांधे भरण्याआधी प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांची लेव्हल, आणि ती तुमच्या माणसाने घेतलेली. ठेकेदाराच्या वहीवर सही करू नका. चर बुजवण्याआधी एका चेंबरात बॅटरी आणि दुसऱ्यात आरसा धरा. पूर्ण गोल दिसला तर पाइप सरळ, चंद्रकोर दिसली तर कुठेतरी बसलाय. रस्ता झाल्यावर १०,००० लिटरचा टँकर सगळ्यात वरच्या टोकाला सोडा आणि चालत खाली या. पाणी दहा मिनिटांनंतरही जिथे थांबलेलं दिसेल तिथे खडूने गोल काढा, ते ठेकेदाराने दुरुस्त करायचं. शेवटचं बिल पहिल्या पावसाळ्यानंतर. आणि झालेल्या कामाचा, प्रत्यक्ष लेव्हल टाकलेला नकाशा मागून घ्या. मंजूर नकाशाची प्रत नको, प्रत्यक्षाचा.

मुरूम_माती
त्यात एक जोड. दहा वर्षांनी रस्त्यावर नवं डांबर पडतं तेव्हा आधी जुना थर खरवडून काढायचा, अशी अट सोसायटीच्या नियमांत आत्ताच घाला. दर वेळी ५० मिमी चढत गेलं की तिसऱ्या थराला रस्ता प्लॉटच्या वर जातो. जाळ्या मेच्या मध्यापर्यंत उघडून गाळ काढायचा, आणि काढलेला गाळ त्याच दिवशी उचलायचा. जाळीशेजारी ढीग करून ठेवला तर पहिला वळीव तो परत आत घालतो.

माळरान
नोंदवलं. सुधारित लेव्हलचा नकाशा आला की इथेच टाकतो. तळाच्या रस्त्याचा उतार सध्या १:३०० दाखवलाय, तिथे ६०० पुरेल का ते तेव्हा बघू.

उताराचं_गणित
१:३०० ला ६०० चा पाइप ३५४ लिटर नेतो, ३३३ ला कसाबसा पुरतो, वेग १.२५. पण गाळ थोडा जरी बसला तरी संपलं. साठ्याची जागा तळाच्या रस्त्याच्या आधी घेतलीत तर पुढे सव्वाशेच लिटर जातील आणि हाच पाइप निवांत चालेल. नकाशा टाका, लेव्हलसकट.